विमा नोकरीचा की माणसाचा?

पगारातून विम्याचे पैसे कापताना मालकाला आमचा विटाळ होत नाही. होतो तो औषध देताना!

बाबासाहेब मजूरमंत्री असताना, 1943 साली, कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा करायचं काम प्रा. आडारकरांकडे गेलं. 1948 ला कायदा झाला. पण विम्याची नाळ बांधली नोकरीला. अन् पक्की नोकरी कुणाला? कचरा, गटार, मैला. आमच्या वाट्याला ठेकेदारीच.

माझंच बघा. दमा बळावला म्हणून काम गेलं, काम गेलं म्हणून विमा गेला. आजारपणाच्या भत्त्याला सहामाहीत 78 दिवसांचा हप्ता लागायचा. माझे भरले 70. ठेकेदाराला गणित बरोबर येतं!

खाजगी विमावाल्याकडे गेलो. म्हणे, जुना आजार? थांबा. ही थांबायची मुदत 2024 साली चारावरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली. केवढे उपकार! तीन वर्षं फुप्फुसं काय खुंटीला टांगू?

विमा माणसाचा पाहिजे. जन्मला की नाव लागलं, मेला की कटलं. मधे ठेकेदाराची सही कशाला? भीक नकोय. वस्तीवस्तीतून पगाराच्या चिठ्ठ्या गोळा करा. कापलेल्या पै-पैचा हिशेब मागायला चला.