ना देवदर्शन, ना मोर्चा

मार्चमध्ये मी अमेरिकेहून परत आले. गटाची बैठक संपल्यावर चहा पिता पिता सांगितलं, की कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात चार मैत्रिणींबरोबर तीन दिवस गोल्फच्या सहलीला जाऊन आले. आधी सगळ्या हसल्या. मग आमच्यातली एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, "इथे बाया टँकरमागे कळश्या घेऊन पळतायत, आणि तू वाळवंटात पाणी ओतून वाढवलेल्या गवतावर श्रीमंतांचा खेळ बघून आलीस. अंकात लिहू नकोस म्हणजे झालं."

म्हणून मुद्दाम लिहिते आहे. तिच्या आक्षेपाचा अर्धा भाग मला मान्य आहे, त्याकडे येईनच. पण उरलेला अर्धा आपल्या चळवळीच्या एका जुन्या दुखण्याशी जोडलेला आहे, आणि त्याबद्दल आपण कधी बोलत नाही.

आधी हकिगत. माझी कॉलेजातली मैत्रीण तीस वर्षं लॉस एंजेलिसच्या एका उपनगरात राहते. तिच्या ओळखीतल्या मराठी घरांतले पुरुष दर फेब्रुवारीत गोल्फ खेळायला वाळवंटात जातात. त्यांची तयारी मी यंदा डोळ्यांनी पाहिली. एका संध्याकाळी चार फोन झाले, शुक्रवारी पहाटे गाडीत पिशव्या टाकल्या आणि गेले. निघताना एकानं बायकोला विचारलं, "माझी टोपी कुठे आहे?" एवढाच काय तो गृहकृत्याचा विचार.

या घरांतल्या सहाजणी पन्नाशीनंतर गोल्फ शिकल्या. तिथे नगरपालिकेची मैदानं असतात, फार खर्च न करता खेळता येतं. शनिवारी पहाटे नऊ होल खेळून, नवरे उठायच्या आत घरी येऊन चहा टाकायचा, असं सहा वर्षं चाललं होतं. यंदा त्यांनी ठरवलं, आपणही वाळवंटात जायचं. या ठरवण्याला अकरा आठवडे लागले.

पहिला प्रश्न, जायचं कुठे. लास व्हेगास की पाम स्प्रिंग्ज? लास व्हेगास सव्वाचारशे किलोमीटरच्या वर, पाम स्प्रिंग्ज पावणेदोनशेच्या आत. चर्चा मैदानांची व्हायला हवी होती, हिरवळ कशी, भाडं किती, चौघींच्या गटाला खेळाची वेळ मिळेल का. झाली ती अशी, की पाम स्प्रिंग्जहून "काही झालंच तर" अडीच तासांत घरी परतता येतं. जागा ठरली ती दाव्याची लांबी मोजून. पुरुष मागच्या वर्षी ॲरिझोनात स्कॉट्सडेलला गेले होते, सहा तासांच्या रस्त्यावर. तेव्हा घरी काही होणार नव्हतं, कारण घरी बाई होती.

दुसरा प्रश्न तारखांचा. त्या वाळवंटात उन्हाळ्यात पारा ४५च्या पुढे जातो. शरद ऋतूत उन्हाळी गवत छाटून हिवाळी गवत पेरतात, तेव्हा मैदानं काही आठवडे बंद असतात. खेळायचा खरा हंगाम जानेवारी ते एप्रिल, आणि तेव्हाच दर सर्वांत चढे. त्या हंगामातले चांगले शनिवार-रविवार पुरुषांनी आधीच घेतलेले. मग मुलीची परीक्षा, दिराचा साठावा, पुण्याहून येणाऱ्या सासूबाई. कॅलेंडरवर सहाजणींना मोकळे तीन दिवस सापडेनात. एकीनं वैतागून विचारलं, "आपल्यापैकी कोणी मेलं तर तेरावा कधी करतील गं?"

आणि मग डबे. निघण्याआधीचा आठवडाभर सहाही घरांत स्वयंपाक चालू होता. भाज्या, आमटी, पोळ्यांच्या चळती, सगळं फ्रीजरमध्ये, वर चिठ्ठ्या: शुक्रवार रात्र, शनिवार दुपार. माझ्या मैत्रिणीचा नवरा कंपनीत दोनशे माणसं सांभाळतो. त्याला डबा कोणत्या कप्प्यात आहे हे लाल पेननं लिहून ठेवावं लागलं. तो वाळवंटात गेला तेव्हा बायकोसाठी फ्रीजमध्ये काय ठेवून गेला होता, हे मी त्याला विचारलं. तो मनापासून हसला. त्याला तो विनोद वाटला.

शेवटी चौघी निघाल्या. एकीच्या सासूबाई आल्या होत्या, ती राहिली. दुसरीच्या नवऱ्यानं नाही म्हटलं नाही. तो फक्त म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर." हे वाक्य वाचकांपैकी अनेकींच्या घरात जन्माला आलेलं आहे. तिनं त्याच रात्री 'माझं जमत नाही' असा निरोप पाठवला.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे बाई घराबाहेर पडतच नाही असं नाही. वारीला जाते, अष्टविनायकाला जाते, बाळंतपणाला आलेल्या लेकीसाठी महिनाभर जाते, हळदीकुंकवाला जाते. प्रत्येक वेळी पाठीशी एक कारण उभं असतं. देव तरी, नातं तरी, सेवा तरी. चळवळीनं आपल्याला नवी कारणं दिली: शिबिर, परिषद, मोर्चा. त्यांनी आपलं आयुष्य बदललं, हे मी विसरत नाही. पण कारण लागतंच ही अट आपण तशीच ठेवली. देवाच्या जागी कार्य आलं.

माझीच गोष्ट सांगते. १९८७ साली कोकणात आमचं शिबिर झालं. ते संपल्यावर आम्ही तिघी एक दिवस मागे राहिलो. समुद्रात डुंबलो, माडाखाली झोपलो, संध्याकाळपर्यंत एकही शहाणपणाचं वाक्य बोललो नाही. घरी सांगितलं, शिबिर एक दिवस वाढलं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण आम्ही गटातही सांगितलं की गावातल्या बायकांशी बोलायला थांबलो होतो. ते खोटं अजून टोचतं. नवऱ्याला भिणं समजू शकते. आम्ही मैत्रिणींना का भ्यालो? आणि सांगायला हरकत नाही, परवा टँकरची आठवण करून देणारी कार्यकर्ती त्या तिघींपैकी एक होती.

गोल्फच्या सहलीला असलं कुठलंही कारण चिकटवता येत नाही. व्यायामासाठी म्हणावं, तर गाडीत बसून फिरतात. पुण्य नाही, समाजकार्य नाही, माहेर नाही. एक लहान पांढरा चेंडू चारशे पावलं दूरच्या भोकात घालायचा आणि नाही गेला तर हसायचं. म्हणूनच ती बाईच्या हक्काची चांगली कसोटी आहे. उपयोगी कामासाठी बाईला सोडायला आता पुष्कळ घरं तयार आहेत. बिनउपयोगी वेळ तिचा स्वतःचा आहे, हे कोण मानतं?

खेळ पुरुषांचा, हेही खरंच. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या क्लबनं बायकांना सभासद करून घ्यायचं ठरवलं ते २०१४ साली, स्थापनेनंतर २६० वर्षांनी. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलनं २०१२ मध्ये पहिल्या दोन बायका घेतल्या. मैदानावर सर्वांत पुढची, जवळची जी जागा असते तिला अजून लोक 'लेडीज टी' म्हणतात; तिथून खेळणारा म्हातारा पुरुष ओशाळतो. पण या खेळात बायका कशा शिरल्या ती गोष्ट आमच्या सहलीशी फार मिळतीजुळती आहे. १९५० मध्ये अमेरिकेत १३ जणींनी व्यावसायिक महिला गोल्फची संघटना स्थापन केली. आपापल्या गाड्या एकामागे एक चालवत त्या गावोगाव जायच्या, मैदान स्वतः आखायच्या, नियम स्वतः लावायच्या, हिशेब स्वतः लिहायच्या. त्यांतली हेलन डेटवायलर दुसऱ्या महायुद्धात विमानं चालवायची. युद्धानंतर तिनं पाम स्प्रिंग्जच्याच खोऱ्यात, इंडिओला, नऊ होलचं मैदान आखलं. आणि विंबल्डन दोनदा जिंकलेली अल्थिया गिब्सन १९६४ मध्ये या संघटनेची पहिली कृष्णवर्णीय सभासद झाली, तेव्हा काही क्लबांनी तिला आत घेतलं नाही. ती गाडीत बसून बूट बदलायची. या बायका क्रांतिकारक नव्हत्या. त्यांना खेळायचं होतं.

पाम स्प्रिंग्जशेजारी रँचो मिराजला १९७२ मध्ये बायकांची मोठी स्पर्धा सुरू झाली. एक लाखाहून जास्त डॉलरची बक्षिसं तोवर बायकांच्या गोल्फमध्ये कुणी दिली नव्हती. पैसे दिले टूथपेस्ट आणि साबण विकणाऱ्या कंपनीनं; दुकानात पाकीट कोणाच्या हातात असतं हे तिला ठाऊक होतं. पुढे या स्पर्धेच्या निमित्तानं समलिंगी स्त्रिया त्या आठवड्यात पाम स्प्रिंग्जला जमायला लागल्या. हजारो. त्यांतल्या बहुतेकींना गोल्फशी देणंघेणं नव्हतं, एकमेकींना मोकळेपणानं भेटायचं होतं. २०२३ पासून स्पर्धा टेक्सासला गेली, त्यानंतरही मेळावा पाम स्प्रिंग्जला भरला. हे आमच्या मैत्रिणींतल्या एकीच्या नवऱ्याला माहीत होतं. "जपून हं," असं तो डोळे मिचकावत म्हणाला. बायका बायकांबरोबर सुखात असणं म्हणजे काहीतरी गडबड, ही शंका सातासमुद्रापार जाऊनही सोबत येते.

आता माझ्या टीकाकार मैत्रिणीचा बरोबर असलेला भाग.

त्या खोऱ्यात वर्षाला पाच इंचांच्या आसपास पाऊस पडतो आणि शंभराहून जास्त गोल्फची मैदानं आहेत. पाणी जमिनीतून उपसतात आणि कोलोरॅडो नदीतून कालव्यानं आणतात. ती नदी वर्षानुवर्षं आटते आहे. गाडीतून पवनचक्क्यांच्या रांगा ओलांडून उतरलं की तपकिरी डोंगराच्या पायथ्याशी एकाएकी हिरवं दिसतं. डोळ्यांना बरं वाटतं आणि लगेच लाज वाटते. मराठवाड्यात राहिलेल्या बाईला तर वाटतेच.

शहराच्या मधोमध एक चौरस मैल जमीन अगुआ कॅलिएन्ते आदिवासींची आहे, सेक्शन १४ म्हणतात तिला. श्रीमंतांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या, बागा राखणाऱ्या कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन कुटुंबांची वस्ती तिथे होती, कारण इतरत्र त्यांना कुणी घर देत नव्हतं. १९५० आणि ६०च्या दशकांत नगरपालिकेनं ती पाडली, जाळली. २०२४ मध्ये शहरानं भरपाईपोटी ५९ लाख डॉलर कबूल केले. आपल्याकडच्या झोपडपट्ट्या ज्यांनी पाडताना पाहिल्या आहेत त्यांना पुढचं सांगायला नको.

हे सगळं आम्हांला आधी माहीत होतं का? थोडं. आमच्यातल्या नर्सनं ठरवण्याच्या वेळीच विचारलं होतं, "आपण डबे न करता मोकळ्या होणार, पण आपल्या चादरी कोण बदलणार?" त्यावर एकजण म्हणाली, दारावर 'साफ करू नका'ची पाटी लावू, तेवढेच तिचे कष्ट कमी. हे ऐकून मीही मान हलवली. नर्सनं आमची चूक दाखवली. खोली रोज साफ केली नाही, तर शेवटच्या दिवशी त्याच बाईला तीन दिवसांची घाण ठरलेल्या मिनिटांत उपसावी लागते, आणि कामाचे दिवस घटतात ते वेगळेच. लास व्हेगासच्या हॉटेल कामगारांची क्युलिनरी युनियन, सुमारे ६० हजार सभासदांची आणि त्यांत निम्म्याहून अधिक बायका असलेली, रोजच्या सफाईसाठी भांडली आणि २०२३च्या करारात ती मिळवली. २०१८च्या करारात त्यांनी खोल्या साफ करणाऱ्या बायकांसाठी धोक्याचं बटण मिळवलं होतं, कारण बंद खोलीत पाहुण्याशी एकटं पडणं म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं. तेव्हा आम्ही पाटी लावली नाही. रोज वेगळी बाई येऊ शकते म्हणून बक्षिसीचं पाकीट रोज ठेवलं. तीन मैदानांऐवजी एकावरच खेळायचं ठरलं. पाण्याच्या प्रश्नाला हे उत्तर पुरेसं नाही. गाडीत त्यावरून दोन तास भांडण झालं आणि ते मिटलं नाही.

पण मला माझ्या मैत्रिणीला एक विचारायचं आहे. पुरुष इतकी वर्षं दर फेब्रुवारीत जात होते, तेव्हा त्यांना नदीचा हिशेब कुणी मागितला? बायका निघाल्या आणि मगच वही उघडली. हिशेब जरूर मांडू या. पण बाईच्या तीन दिवसांच्या सुट्टीपासून तो सुरू करायचा आणि तिथेच संपवायचा, हा हिशेब नव्हे, हा जुनाच पहारा आहे.

दुसऱ्या संध्याकाळी राहिलेलीचा फोन आला. "सासूबाई विचारतायत, चेंडू भोकात गेला का?" सासूबाईंनी फोन हातातून घेतला. आयुष्यात त्या एकदाच नुसत्या मैत्रिणींबरोबर फिरायला गेल्या होत्या म्हणे, लग्नाआधी, सिंहगडावर. पुढच्या वर्षी मलाही न्या, म्हणाल्या, मी गाडीत बसून राहीन.

पुढच्या फेब्रुवारीच्या तारखा त्यांनी आत्ताच धरल्या आहेत, पुरुषांच्या आधी. जागा लास व्हेगास. नवऱ्यांना विचारायचं नाही, सांगायचं. डबे करायचे नाहीत, असं पाचजणींनी कबूल केलं आहे. सहावी म्हणते, आमटी तेवढी करून ठेवते.