पाण्याने पेटणारा नारळ



वस्तीत एखादा बुवा येतो. घरात करणी आहे म्हणतो. नारळ मागवतो, काहीतरी पुटपुटतो, शेंडीवर पाणी शिंपडतो आणि नारळ पेट घेतो! पाण्याने आग लागलेली पाहून घाबरलेली माउली उताऱ्यासाठी घरखर्चाचे पैसे त्याच्या हाती ठेवते.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हाच नारळ गावोगावी मंत्राशिवाय पेटवून दाखवीत आले आहेत. शेंडीत सोडियम या धातूचा तुकडा लपवलेला असतो. पण युक्ती कळली म्हणून थांबू नये. कारणही कळले पाहिजे.

कोणता पदार्थ इलेक्ट्रॉन किती ओढीने घेतो, हे ज्या आकड्याने मोजतात त्याला क्षपण विभव म्हणतात. बारावीच्या रसायनशास्त्रात त्याचा तक्ता असतो. त्यात हायड्रोजन शून्य धरतात. तांबे अधिक ०.३४ व्होल्ट, तर सोडियम उणे २.७१! आकडा जितका उणे, तितका तो धातू इलेक्ट्रॉन देऊन टाकायला उतावीळ. अल्कधर्मी द्रावणात पाण्याचा आकडा उणे ०.८३ आहे. दोहोंत १.८८ व्होल्टचा फरक. म्हणून पाणी लागताच सोडियम आपला इलेक्ट्रॉन त्याला देतो. कॉस्टिक सोडा तयार होतो, हायड्रोजन वायू सुटतो, आणि त्याच उष्णतेने वायू व काथ्या पेटतात. तांब्याच्या हंड्यात मात्र आपण पिढ्यान्‌पिढ्या पाणी भरतो. त्याला कधी आग लागली काय?

हा आकडा क्रियेचा कल सांगतो, वेग सांगत नाही. लिथियमचा आकडा उणे ३.०४ असूनही तो पाण्यात सोडियमपेक्षा सौम्यपणे वागतो. सोडियम मात्र ९८ अंशांलाच वितळतो आणि क्रिया भडकते.

मग आमटीतले मीठ का पेटत नाही? मिठातल्या सोडियमने आपला इलेक्ट्रॉन आधीच क्लोरीनला दिलेला असतो. देण्यासारखे काही उरले नाही, म्हणून तो शांत! तो इलेक्ट्रॉन परत द्यायचा तर वीज लागते. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली तर साध्या रीतीने सोडियम मिळत नाही. इलेक्ट्रॉन पाणीच आधी घेते आणि हायड्रोजन, क्लोरीन, कॉस्टिक सोडा मिळतो. म्हणून क्षार वितळवावा लागतो. १८०७ साली हम्फ्री डेव्ही यांनी वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून विजेच्या साहाय्याने प्रथम हा धातू काढला. निसर्गात तो मोकळा सापडत नाही. तेव्हा बुवाचा तुकडा सिद्धीतून येत नाही. तो कारखान्यात बनतो, रॉकेलसारख्या तेलात बुडवून ठेवतात आणि पैसे मोजून आणतात.

हा प्रयोग घरी मुळीच करू नका. डोळे जातील. सोडियमच्या आगीवर पाणी ओतू नये, कोरडी वाळू टाकावी.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्यभर हेच सांगितले. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी इथल्या ओंकारेश्वराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर त्यांची हत्या झाली. शनिवार पेठेतून त्या पुलावर जाताना त्यांची आठवण होत नाही असे होत नाही. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. चमत्कार दाखवून लोकांना फसवणे व पैसे उकळणे हा आता गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. असा बुवा आला तर उतारा करू नका, पोलीस ठाण्यात तक्रार करा.

चंदनाच्या पात्रासाठी ऋद्धीचे प्रदर्शन करणाऱ्या पिंडोल भारद्वाज या भिक्खूला तथागतांनी ठपका दिला होता, असे विनयपिटकात आहे. चमत्काराने धम्म वाढत नाही; कार्यकारणभाव समजल्याने वाढतो. म्हणून मुलगा असो वा मुलगी, विज्ञान अवघड आहे म्हणून तिला मागे ओढू नका. रविवारी विहारात बारावीच्या एखाद्या लेकीला हा तक्ता फळ्यावर लिहायला लावा आणि आजीबाईंना पुढे बसवा. प्रश्न त्याच विचारतील!

जयभीम!