डोंगराला गुण किती द्यावे?

मुलीसाठी स्थळे पाहणाऱ्याला ही विद्या शिकवावी लागत नाही. एकाची नोकरी पक्की, पण बिऱ्हाड दोन खोल्यांचे. दुसऱ्याचा वाडा मोठा, पण सासूबाई खाष्ट! मग वडील गुण देतात, कशाला किती महत्त्व ते आई ठरवते, आणि बेरीज होते. कोणते जंगल आधी राखायचे हे ठरवताना शास्त्रज्ञही असेच करतात. ते कागदावर करतात, एवढाच फरक. त्यामुळे भांडायला सोय होते.

थॉमस साटी या गणितज्ञाने महत्त्व ठरवण्याची एक युक्ती काढली. दोन-दोन गोष्टी समोर घ्यायच्या आणि कोणती किती पटीने मोठी ते १ ते ९ या आकड्यांत सांगायचे. उतार झाडीपेक्षा मोठा, झाडी रस्त्यापेक्षा मोठी, असे म्हणून पुढे रस्ता उतारापेक्षा मोठा म्हणालात, तर गणित तुम्हांला तिथल्या तिथे पकडते. घरच्या वादात अशी सोय असती तर!

आपल्या सह्याद्रीचा हिशेब मांडला तो माधव गाडगीळ यांच्या समितीने. २०१० साली ती नेमली गेली, २०११ साली अहवाल आला. नकाशावर सुमारे नऊ-नऊ किलोमीटरचे कोई बावीसशे चौकोन पाडले. इथेच आढळणाऱ्या वनस्पती, संकटातले प्राणी, अबाधित जंगल, उंची, उतार, नदीकाठची झाडी यांना गुण देऊन सरासरी काढली. त्याच राज्यातल्या संरक्षित अरण्याच्या तोडीचे गुण मिळाले, तरच चौकोन पहिल्या श्रेणीत. मला ही कसोटी फार आवडली. परकी फूटपट्टी नाही.

पण सरासरी मोठी लबाड असते. नऊ गुणिले नऊ म्हणजे ८१ चौरस किलोमीटर, ८,१०० हेक्टर. त्यात कोकणातली दोन हेक्टरांची देवराई कुठे दिसणार? गाडगिळांना हे ठाऊक नव्हते असे नाही. वा. द. वर्तकांबरोबर १९७०च्या दशकात देवरायांवर लिहिणारे तेच. म्हणून सीमा ग्रामसभांना विचारून पक्क्या कराव्यात, असे अहवालातच आहे. आणि कासचे पठार घ्या. तिथे जंगल म्हणावे असे नाहीच, फुलांचा सडा! नुसत्या झाडीला गुण देणारा परीक्षक कासला नापास करील. तेच कास २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले.

पुढे कस्तुरीरंगन यांच्या गटाने २०१३ साली उपग्रहाची चित्रे घेतली आणि चौकोनाऐवजी गाव धरले. गावाचा पाचवा हिस्सा नाजूक निघाला की सारे गाव यादीत. मग मसुद्यांवर मसुदे झाले. सहावा निघाला ३१ जुलै २०२४ रोजी. आदल्या दिवशी पहाटे वायनाडमध्ये डोंगर खाली आला होता. त्या मसुद्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर आहेत.

यादीत गावांची नावे आहेत. आमच्या शेजाऱ्यांना त्यांच्या गावाचे सापडले. त्यांचा पहिला प्रश्न, "अहो, विहीर खणता येईल ना?" मी म्हटले, येईल. मसुद्यात बंदी सुचवली आहे ती खाणींना, वाळूउपशाला, औष्णिक वीजकेंद्रांना आणि वीस हजार चौरस मीटरांच्या इमारतींना. "वीस हजार?" ते हसले, "आमचे घर मिळून साठ भरेल!" मग जरा थांबून त्यांनी विचारले, "आणि मागच्या डोंगरावरची दगडखाण?"

ती मात्र बंदीत येते.