घर किती मागे सरावे?

गेल्या महिन्यात लष्करातील नया बाजारात एका परिचितांच्या घरी जाण्याचा योग आला. वाडा आजोबांच्या वेळचा. रस्त्याकडील भिंतीला पोट सुटलेले, माडीची तुळई वाकलेली. तिघे बंधू प्रथमच एकमताने नव्या घराचा विचार करीत होते. परंतु समोरच्या नकाशाने सारेच चिंतेत पडले होते. वाडा पाडून बांधावयाचे, तर पुढे, मागे व बाजूंना जागा मोकळी सोडावी लागेल, असे नकाशा करणाऱ्याने सांगितले होते. “सोडून सोडून उरणार काय?” असे थोरले बंधू म्हणाले. हा प्रश्न त्या एका घराचा नाही, म्हणून आज तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

या मोकळ्या जागेला महाराष्ट्रात ‘सामासिक अंतर’ म्हणतात. वहीच्या पानाला समास असतो, तसा घराला. आपल्याकडे कचेरीत ‘एम. ओ. एस.’ ही अक्षरेच चालतात. मध्यप्रदेशात यासाठी 1984 साली भूमी विकास नियम झाले; त्यांची जागा 2012 च्या नियमांनी घेतली. भूखंडाचा आकार, रस्त्याची रुंदी व इमारतीची उंची पाहून हे अंतर ठरते.

नव्या वसाहतीत हा नियम हितकारकच आहे. जुन्या पेठेत मात्र हिशेब निराळा होतो. समजा, जागा वीस फूट रुंद व साठ फूट खोल आहे. दोन्ही बाजूंना पाच-पाच, पुढे दहा व मागे पाच फूट सोडले, तर बाराशे चौरस फुटांतून उरतात साडेचारशे. आणि तेही दहा फूट रुंदीच्या बोळकांडीसारखे! त्यात तीन भावांचे संसार कसे मांडावे?

आपल्या पूर्वजांना उजेड-वारा नको होता, असे नव्हे. दौलतराव शिंद्यांची छावणी 1810 च्या सुमारास येथे स्थिरावली आणि तिचेच लष्कर शहर झाले. पेठांतील घरे खांद्याला खांदा लावून उभी राहिली. पुढे ओटा, आत चौक, चौकाभोवती ओसरी. मोकळी जागा होतीच. पण ती घराच्या कडेला नव्हे, पोटात होती. रस्त्याकडे घराचा चेहरा तेवढा असे. सराफ्यात दगडी झरोक्यांची रांग पाहिली, की या एका ओळीत उभे राहण्याची शोभा ध्यानी येते. त्या ओळीतील एकच घर दहा फूट मागे गेले, तर पडलेल्या दातासारखी खिंड दिसते, आणि तीत लवकरच स्कूटर व दुकानाची खोकी येऊन बसतात.

तथापि सारा दोष नियमावर टाकणे न्यायाचे होणार नाही. आग लागली, तर बंब जावा कोठून? चौकावर पत्रे टाकून ती जागा गोदामाला भाड्याने कोणी दिली? आपणच ना? चौक बुजवावयाचा, वर मजले चढवावयाचे आणि समासही नको म्हणावयाचे, हे कसे चालेल?

न्यूयॉर्कमध्ये 1915 साली इक्विटेबल नावाची प्रचंड इमारत पदपथाच्या कडेपासून सरळ आकाशात चढली आणि भोवतालचे रस्ते सावलीत बुडाले. पुढच्याच वर्षी तेथे नियम झाला. त्याने इमारतीला रस्त्याच्या ओळीत उभे राहू दिले, परंतु ठराविक उंचीनंतर वरचे मजले मागे घ्यावयास लावले. म्हणजे मागे सरण्याच्याही तऱ्हा अनेक आहेत. जुन्या पेठेसाठी पुढचा समास मोजण्याऐवजी आतला चौक मोजावा आणि वरचा मजला मागे घ्यावा, असा वेगळा नियम का नसावा? ऐतिहासिक शहराकडे त्याच्या समग्र रूपात पाहावे, अशी शिफारस युनेस्कोने 2011 साली केली. त्या धर्तीच्या उपक्रमासाठी 2020 मध्ये ग्वाल्हेर व ओरछा यांची निवडही झाली. तेव्हा ही मागणी अवास्तव नाही.

तोपर्यंत गृहस्थाने काय करावे? प्रथम, कुदळ उचलण्याची घाई करू नये. दुरुस्ती व पुनर्बांधणी यांच्या परवानग्या वेगळ्या असतात. घर एकदा भुईसपाट झाले, की साधारणतः नवे अंतर लागू होते. पाडण्यापूर्वी मोजमाप व छायाचित्रे घेऊन ठेवावीत. दुसरे, सोडावयाची जागा समासाची की रस्तारुंदीची, हे महापालिकेकडून लेखी घ्यावे. समासाची जागा आपलीच राहते. रस्त्यात गेलेली जाते, आणि तिच्या मोबदल्याचा प्रश्न निराळा असतो.

आमच्या परिचितांनी तूर्त नकाशा गुंडाळून ठेवला आहे. पोट सुटलेली भिंत आधी सावरून घेण्याचे व एखाद्या जाणत्या अभियंत्याकडून सारा वाडा तपासून घेण्याचे ठरले. निघताना धाकट्या बंधूंनी वर पाहिले. चौकावर पत्रे होते. खाली भर दुपारी दिवा जळत होता. “आधी हे काढू,” ते म्हणाले. थोरल्यांनी मान हलविली. गोदामाचे भाडे बुडणार होते, तरीही.