कुत्र्याचा नमस्कार

अंगणात पाहुणा येतो. घरची माणसे ‘या, बसा’ म्हणतात, पाण्याचा तांब्या पुढे येतो आणि त्याच वेळी घरचा कुत्रा धावत जाऊन पाहुण्याचे पाय, हात, धोतर हुंगू लागतो. पाहुणा अंग चोरतो. यजमान ओशाळतो आणि कुत्र्याच्या पाठीत काठी घालतो. कुत्रा केकाटत कोपऱ्यात जातो आणि सर्वांना वाटते, की प्रश्न मिटला. चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या वनजिल्ह्यांत, जिथे बहुतेक घरांच्या अंगणात एखादा कुत्रा असतोच, तिथे हा प्रसंग पाहिला नाही असा मुलगा विरळाच.

या प्रसंगात अपराध कोणाचा? माझे मत असे, की तो कुत्र्याचा नव्हे आणि पाहुण्याचाही नव्हे. कुत्र्याने आपल्या स्वभावानुसार पाहुण्याचे स्वागत केले. पाहुण्याला ते स्वागत नकोसे झाले. या दोघांमध्ये दुभाष्याचे काम ज्याने करावयाचे, तो यजमान मात्र आपले काम विसरला आणि त्याने काठी उचलली.

कुत्रा हुंगतो म्हणजे नेमके काय करतो, हे आधी समजून घेऊ. माणसाचे ज्ञान मुख्यतः डोळ्यांवाटे येते, तर कुत्र्याचे नाकावाटे. आपल्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी सुमारे ५० ते ६० लाख असतात. कुत्र्याच्या नाकात त्या सुमारे २० ते ३० कोटी असतात. हुंगताना तो एका सेकंदात चार-पाच वेळा श्वास आत ओढतो. त्याच्या नाकपुड्यांच्या कडेला बारीक फटी असतात. उच्छ्वास त्या फटींतून बाजूला निघून जातो, आणि म्हणून समोरचा गंध उडून न जाता नवा गंध आत येत राहतो. त्याचे ओलसर नाक हवेतील गंधकण टिपून घेण्यास साहाय्य करते. याखेरीज त्याच्या टाळूच्या वरच्या बाजूस एक निराळे गंधेंद्रिय असते. अनेक प्राण्यांत आढळणाऱ्या या इंद्रियाचे वर्णन १८१३ साली याकोबसन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने केले. एका कुत्र्याने दुसऱ्याविषयी जे जाणून घ्यावयाचे, त्यातील पुष्कळसे या इंद्रियाच्या द्वारे जाणले जाते.

आता पाहुण्याकडे कुत्र्याच्या नाकाने पाहा. या गृहस्थाच्या पायांना कोणत्या वाटेची माती लागली आहे, वाटेत त्याने कोणाच्या गुरांना हात लावला, त्याच्या घरी दुसरा कुत्रा आहे की काय, हे सारे त्याच्या अंगावर आणि कपड्यांवर जणू लिहिलेले असते. ते आपल्याला वाचता येत नाही; कुत्र्याला येते. माणसाच्या शरीराच्या ज्या भागी घामाचा गंध अधिक, तिथे हा मजकूर अधिक ठळक असतो; म्हणून कुत्र्याचे नाक नेमके तिकडेच वळते. आपल्याला ते लाजिरवाणे वाटते. कुत्र्याच्या मनात मात्र लाज नसते आणि आगाऊपणाही नसतो. दोन कुत्रे प्रथम भेटले, की बहुधा एकमेकांना हुंगूनच ओळख करून घेतात. आपण ‘नमस्कार’ म्हणतो, कोणी ‘राम राम’ म्हणतो, आपले गोंड आणि माडिया बांधव ‘जोहार’ म्हणतात. हुंगणे हा कुत्र्याचा नमस्कार आहे.

या नाकाचे मोल रानाच्या कडेला राहणाऱ्या माणसांना सांगावयास नको. चैत्रात मोहफुले वेचण्यासाठी पहाटेच्या अंधारात माणसे रानात शिरतात, तेव्हा झुडपाआडच्या अस्वलाची चाहूल माणसाच्या आधी कुत्र्याला लागते. रात्री गोठ्याजवळ बिबट्या आला, तर घरधनी जागा होण्यापूर्वी कुत्रा जागा होतो. आणि कित्येकदा त्या बिबट्याचा पहिला बळीही तोच ठरतो. गडचिरोलीच्या जंगलात जमिनीत पुरलेली स्फोटके शोधण्यासाठी पोलीस दले शिकविलेल्या कुत्र्यांची मदत घेत आली आहेत. २००८ सालापासून आपल्या देशात वाघाची कातडी, हाडे आणि इतर चोरटा वनमाल हुंगून शोधणारे कुत्रे तयार करण्याचा एक उपक्रम सुरू झाला. ज्या नाकाला अंगणात काठी मिळते, तेच नाक रानात वाघाचे आणि माणसाचे प्राण वाचविते!

तर मग कुत्र्याला वाटेल त्याला, वाटेल तसे हुंगू द्यावे काय? मुळीच नाही. काही लोक म्हणतात, ‘कुत्रा तो कुत्रा, त्याला कसली आली रीतभात?’ हे मत मला मान्य नाही. अंगणात येणारा प्रत्येक जण कुत्र्यावर प्रेम करणारा नसतो. एखाद्या वृद्धेचा तोल जाईल, एखादे लहान मूल घाबरून पळेल आणि कुत्रा खेळ समजून त्याच्या मागे धावेल. एखाद्याला पूर्वी कुत्रा चावलेला असेल आणि ती धास्ती त्याच्या मनातून गेली नसेल. ‘आमचा कुत्रा काही करीत नाही हो,’ असे म्हणून त्या भीतीला हसणे हा अतिथीचा अपमान आहे. भीती खरी की खोटी, हे घाबरणाऱ्याने ठरवावयाचे असते. कुत्र्याच्या मालकाने नव्हे.

दुसऱ्या टोकाला काठीचे भक्त आहेत. ते ‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच’ ही म्हण ऐकवितात. शेपटाविषयी म्हण खरी असेल. कुत्र्याच्या वागणुकीविषयी ती खोटी आहे. जो प्राणी जमिनीखालची स्फोटके ओळखून मुकाट्याने बसून राहण्यास शिकतो, तो पाहुण्यापासून दोन हात दूर बसण्यास शिकणार नाही, हे संभवत नाही. काठीने तो एवढेच शिकतो, की पाहुणा आला म्हणजे मार बसतो. मग पाहुण्याला पाहताच तो गुरगुरू लागतो. जो मित्र म्हणून धावत गेला होता, त्याला आपणच शत्रू बनवितो आणि वर त्यालाच ‘चावरा’ म्हणतो.

शिकविण्याची रीत साधी आहे; तिला हवा फक्त धीर. घरात कोणी परके नसताना कुत्र्याला ‘बस’ हा शब्द शिकवावा. तो बसला, की त्याच क्षणी भाकरीचा तुकडा द्यावा. उशिरा दिलेला तुकडा कशासाठी मिळाला, हे त्याला उमगत नाही. हे पक्के झाल्यावर घरचेच माणूस बाहेरून पाहुण्यासारखे आत यावे आणि कुत्रा बसला तरच त्याचे कौतुक व्हावे. अंगावर धावला, तर आरडाओरडा न करता तोंड फिरवावे. लाड नाहीत, मारही नाही. खरा पाहुणा येईल, तेव्हा प्रथम कुत्र्याला दोरीने जवळ धरावे, बसवावे आणि पाहुण्याला विचारावे, ‘याने आपला हात हुंगला तर चालेल काय?’ पाहुणा ‘हो’ म्हणाला, तर त्याने हात सैल सोडून खाली धरावा. कुत्रा हात हुंगेल, त्याची ओळख पटेल. ‘नको’ म्हणाला, तर कुत्र्याला दूर न्यावे. नियम मात्र घरातील सर्वांचा एकच हवा. आजोबा ‘बस’ म्हणतात आणि नातू अंगावर उड्या मारू देतो, अशा घरात कुत्रा काहीच शिकत नाही.

त्याबरोबर हेही ध्यानात ठेवावे, की त्याचे हुंगणे आपण सर्वस्वी बंद करावयाचे नाही. त्याला दोरी बांधून फिरावयास न्याल, तेव्हा बांधावर, झाडाच्या बुंध्याशी त्याला मनसोक्त हुंगू द्या. सारखी दोरी ओढणे म्हणजे वाचणाऱ्याच्या हातातून पुस्तक हिसकावून घेणे होय. पोटभर हुंगलेला कुत्रा घरी शांत राहतो. परंतु त्याला रानात मोकाट सोडू नका. तेथे तो हरणांच्या मागे लागतो आणि त्याचे रोग वन्य प्राण्यांना, आपल्या ताडोबाच्या कोळसुंद्यांसारख्या रानकुत्र्यांनाही, लागू शकतात.

मुलांनो, रीतभात कुत्र्यानेच शिकावयाची आणि आपण नाही, असे मात्र नाही. परक्या कुत्र्याच्या डोक्यावर एकाएकी हात ठेवू नये. मालकाला विचारल्यावाचून त्याच्याजवळ जाऊ नये. तो जेवत असेल, झोपला असेल, साखळीने बांधलेला असेल किंवा कुत्री पिलांजवळ असेल, तर दूरच राहावे. अनोळखी कुत्रा हुंगावयास आला, तर पळू नये, ओरडू नये, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये. हात अंगाशी ठेवून झाडासारखे उभे राहावे. बहुधा तो हुंगेल आणि आपल्या वाटेने जाईल. तरीही कुत्रा चावला किंवा त्याचे नख लागले, तर घरी लपवून ठेवू नये. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न करता दवाखाना गाठावा. रेबीज हा रोग एकदा दिसू लागला, की प्राण वाचणे जवळजवळ अशक्य असते. पण वेळेवर लस घेतली, तर तो टळतो. १८८५ साली पाश्चर यांनी चावा घेतलेल्या एका लहान मुलाला अशी लस देऊन वाचविले. लसीचे हे वरदान आज आपल्या हाती आहे. म्हणून आपल्या कुत्र्यालाही प्रतिवर्षी लस टोचून घ्यावी. पाहुण्याच्या स्वागताची खरी सिद्धता तेथूनच सुरू होते.

संत नामदेवांची एक कथा तुम्ही ऐकली असेल. कुत्र्याने कोरडी भाकरी पळविली, तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. त्यांना कुत्र्यात देव दिसला. एवढी थोर दृष्टी आपल्याला लाभेल न लाभेल. परंतु कुत्र्यात आपल्याहून निराळी भाषा बोलणारा एक जीव पाहणे कोणालाही अवघड नाही. गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा येथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेथे डॉ. प्रकाश आमटे यांनी रानातील अनाथ पिलांना आश्रय दिला आणि बिबट्या, अस्वल यांच्यासारखी श्वापदेही माणसांच्या सहवासात वाढविली. त्यांची गोष्ट असामान्य आहे. श्वापदांच्या बाबतीत तिचे अनुकरण आपण करावयाचे नाही. परंतु तिच्यातील एक धडा आपल्या अंगणालाही लागू पडतो: ज्याला आपण जवळ करतो, त्याचा स्वभाव जाणून घेणे हे आपले पहिले कर्तव्य होय.

ज्याने कुत्रा पाळला, त्याने दोन जीवांचे दायित्व पत्करले आहे: दारात येणाऱ्या माणसाचे आणि दारात बसणाऱ्या मुक्या प्राण्याचे. पाहुणा निर्भयपणे अंगणात यावा आणि कुत्र्याने मार न खाता त्याची ओळख करून घ्यावी, असे घर पाहिले म्हणजे खुशाल समजावे, की या घरची माणसे सुसंस्कृत आहेत.