कर्ज पोराच्या नावावर, फायदा कारखान्याचा

रसायनशास्त्रात एमएस्सी करायला कर्ज काढू नका. माझी सगळी नोकरी तारापूर-बोईसरच्या कारखान्यांत, क्यूसी म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या विभागात गेली. या विषयावर माझं प्रेम आहे, आणि या विषयाच्या नावाने घराघरांत जे चाललंय त्याची मला चीड आहे.

हिशेब मांडतो. विनाअनुदानित एमएस्सीची फी, शहरातली खोली, मेस, सगळं धरून दोन वर्षांचे चार लाख समजा. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, तिसऱ्याचा जामीन लागत नाही, बापाची सहकर्जदार म्हणून सही पुरते. व्याज दहा टक्के धरा. शिकत असताना आणि पुढे वर्षभर हप्ता नाही म्हटल्यावर घरचे निर्धास्त होतात, पण व्याज पहिली रक्कम सुटल्या दिवसापासून चढायला लागतं. हप्ता सुरू होईपर्यंत चाराचे पाच लाख झालेले असतात. सात वर्षांची फेड धरली तर महिन्याला सुमारे ८,३०० रुपये. शेवटचा हप्ता जाईपर्यंत पोराने जवळपास सात लाख मोजलेले असतात.

आणि पगार? आमच्या पट्ट्यात नव्या एमएस्सीवाल्याला मी पंधरा ते अठरा हजारांवर लागताना पाहिलंय, तेही बहुतेक वेळा ठेकेदाराच्या पे-रोलवर. चिठ्ठीत पीएफ, ईएसआय आणि व्यवसाय कराचे दोनशे कापलेले. ईएसआयची मर्यादा २१,००० आहे. सरकार ज्या पगाराला कमी समजून दवाखान्याची सोय करतं, त्याच पगारात सतरा वर्षं शिकलेला माणूस बसतो. हप्ता भरला की हातात पाच ते आठ हजार. त्यात कॉट बेसिसची जागा, डबा, शिफ्टला जायचं रिक्षाभाडं. एखादा महिना आजारपणात गेला की हप्ता थकलाच. मग पोराबरोबर बापाचंही सिबिल बिघडतं, आणि खरिपाला पीककर्ज मागायला गेलेल्या त्या माणसाला मॅनेजर पोराच्या थकबाकीचा कागद दाखवतो. तारण घेतलं नव्हतं म्हणे!

एवढे पैसे मोजून पोराला मिळतं काय, तेही पाहा. मुलाखतीला आलेला एक मुलगा मला आजही आठवतो. ऑरगॅनिक घेऊन पहिल्या वर्गात पास. पेरिसायक्लिक रिअॅक्शन विचारली, तर फळ्यावर बाणांसकट स्वच्छ मांडून दाखवली. मग त्याला एचपीएलसी या तपासणीच्या मशीनसमोर उभं केलं आणि मोबाइल फेज बनवायला सांगितलं. बफरचा पीएच त्याने नीट लावला आणि न गाळताच बाटली पंपाला जोडायला निघाला. ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर त्याने कधी हातात धरलेला नव्हता. म्हणाला, "सर, कॉलेजात मशीन आहे, पण आम्हाला हात लावू देत नाहीत." मुलगा हुशार होता. फसवला गेला होता. अशी मुलं पुढे तीन महिन्यांच्या खासगी 'हँड्स ऑन' कोर्सला पुन्हा पैसे भरतात. जे प्रयोगशाळेत शिकवायला हवं होतं, त्यासाठी दुसऱ्यांदा!

कॉलेजात शिकवणारा तरी सुखात आहे का? नेट-सेट झालेला माणूस तासिका तत्त्वावर राबतो, सुट्टीच्या महिन्यांत त्याला छदाम मिळत नाही. फीचा पैसा ना प्रयोगशाळेत दिसतो, ना शिक्षकाच्या खात्यात.

माझा खरा राग आहे तो कारखानदारांवर. कुशल मनुष्यबळ मिळत नाही म्हणून दर परिषदेत गळा काढायचा, आणि तेच मनुष्यबळ ठेकेदाराकडून स्वस्तात घ्यायचं. १९३३ साली मुंबई विद्यापीठाने रसायन तंत्रज्ञानाचा विभाग काढला, तोच आजची माटुंग्याची आयसीटी. उद्योगाला माणसं हवी होती म्हणून तो विभाग निघाला. आज हाच उद्योग प्रशिक्षणाचा खर्च शेतकऱ्याच्या, रिक्षावाल्याच्या कर्जखात्यावर ढकलून मोकळा झालाय. मला याला दुसरा शब्द सापडत नाही: ही लूट आहे.

सरकारची पीएम विद्यालक्ष्मी योजना २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झाली. दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना व्याजात तीन टक्क्यांची सवलत. पण सुरुवातीच्या यादीत संस्था ८६०, त्याही मानांकनात वर असलेल्या. तालुक्याच्या विनाअनुदानित एमएस्सीला बसलेल्या मुलीला, जिला गरज सर्वांत जास्त, तिला यातलं काय मिळणार?

रसायनशास्त्र शिकूच नका, असं मी म्हणत नाही. अनुदानित कॉलेजात बीएस्सी करा. जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत, नाहीतर आयसर पुण्यासारख्या सरकारी संस्थेत जागा मिळवा. एमएस्सीनंतर नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० मिळतात, क्यूसीतल्या त्या पगाराच्या दुप्पट. जागा थोड्या आहेत, रांग लांब आहे, हे मला ठाऊक आहे. बीएस्सीनंतर दोन वर्षं नोकरी करून, चार पैसे गाठीला बांधून एमएस्सीला आलेली मुलं मी पाहिलीत. ती कर्जाशिवाय शिकली आणि कामातही तयार निघाली.

तरीही विनाअनुदानित एमएस्सीच घ्यायची असेल, तर फी भरण्याआधी प्राचार्यांसमोर बसा आणि मागच्या दोन बॅचची यादी मागा: कोण कुठे लागला, कंपनीच्या पे-रोलवर की ठेकेदाराच्या, हातात किती पडतात. त्यातल्या चौघांना स्वतः फोन करा. यादी द्यायला टाळाटाळ झाली, तर बँकेच्या अर्जावर बापाला सही करू देऊ नका.