तोट्यातले खेळ आणि क्रीडासंचालक



‘अमेरिकी विद्यापीठांच्या क्रीडासंचालकांनी तोट्यातले खेळ सरळ बंद करावेत’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. स्टॅनफर्डने जुलै २०२० मध्ये तुटीचे कारण देत ३६ पैकी ११ खेळ बंद करण्याचे जाहीर केले. त्यांपैकीच कुस्तीतला शेन ग्रिफिथ मार्च २०२१ मध्ये विद्यापीठाचे नाव नसलेल्या काळ्या पोशाखात राष्ट्रीय विजेता ठरला. माजी खेळाडूंचा रेटा वाढला, दावे दाखल झाले आणि मे महिन्यात निर्णय फिरवावा लागला. फुटबॉल-बास्केटबॉलच्या कमाईवर, देणग्यांवर इतर खेळ जगवणे हेच तर संचालकाचे काम. शिवाय १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने महिला खेळाडूंना समान संधी देणे बंधनकारक आहे. नुसती खर्चाला कात्री लावायला लेखापाल पुरेसा आहे; त्यासाठी संचालक कशाला हवा?

– एक वाचक, नाशिक